डी अँड डी बियाँडवर बाहेरच्या प्रकाशकांची सामग्री: गटात घ्यावी की फक्त अधिकृतच ठेवावी?

प्रश्न: बोरीकाठ (धाराशिव)

नमस्कार मंडळी. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून, पात्रे घेऊन कथा रंगवायच्या खेळाचा गट कॉलेजात असताना जमला. आता कोणी पुण्याला, कोणी हैदराबादला, कोणी लातूरला नोकरीनिमित्त पांगले असल्यामुळे खेळ सगळा ऑनलाइनच होतो. डीएमची, म्हणजे कथा आणि नियम सांभाळणाऱ्या डंजन मास्टरची, जबाबदारी माझ्याकडे आहे. कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांचे तक्ते, डी अँड डी बियाँड या खेळाच्या संकेतस्थळावर, नकाशे रोल२० या ऑनलाइन पटावर आणि बोलणे डिस्कॉर्डवर, अशी आमची मांडणी बसलेली आहे. बियाँडची मास्टर वर्गणी मी भरतो, त्यामुळे मी घेतलेली पुस्तके कॅम्पेनमधल्या (सलग चालणाऱ्या मोहिमेतल्या) सगळ्यांना वापरता येतात आणि पुस्तकांचा खर्च आम्ही आपसात वाटून घेतो.

आता नवे कॅम्पेन सुरू करायचे आहे आणि त्याआधीच गटात मतभेद झाले आहेत. एका मित्राला फायटर हा लढवय्याचा क्लास (पात्राचा प्रकार) घ्यायचा आहे, परंतु त्याची सबक्लास, म्हणजे त्यातला पोटप्रकार, त्याला खेळाचे प्रकाशक विझर्ड्स ऑफ द कोस्ट यांच्या पुस्तकातली नको, बियाँडच्याच दुकानात विकत मिळणाऱ्या दुसऱ्या एका प्रकाशकाच्या पुस्तकातली हवी आहे. बियाँड स्वतः ते पुस्तक विकते त्या अर्थी ते अधिकृतच झाले, असे त्याचे म्हणणे आहे. आमच्या एका मैत्रिणीचे मत याच्या अगदी उलट आहे. ज्या पुस्तकावर विझर्ड्सचे नाव नाही त्याची चाचणी नीट झालेली नसते, आणि एकाला मुभा दिली की उद्या प्रत्येकाला द्यावी लागेल, असे ती म्हणते. तिसऱ्या मित्राकडे एका छोट्या प्रकाशकाचे पीडीएफ आहे, जे बियाँडवर मुळीच मिळत नाही. त्यातले स्पेल (मंत्र) आणि जादूई वस्तू होमब्रू, म्हणजे स्वतः भरलेली सामग्री, म्हणून भरून घेता येतील का, असे तो विचारतो आहे.

तिघेही जवळचे आहेत आणि तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून घाईने निर्णय द्यायला मन धजत नाही. अधिकृत आणि थर्ड-पार्टी हा फरक प्रत्यक्ष खेळताना कुठे जाणवतो, मर्यादित पैसे आधी कशावर घालावेत, आणि डीएमने होकार किंवा नकार कशाच्या आधारावर द्यावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती. याशिवाय नळदुर्गच्या किल्ल्यातल्या पाणीमहालावर बेतलेले एक साहस मी लिहितो आहे. ते इतर गटांनाही खेळता यावे अशी इच्छा आहे. ते कुठे आणि कोणत्या परवान्याखाली द्यावे, याबद्दलही कोणी मार्गदर्शन केले तर बरे होईल.

उत्तर: अंधारीवाट (छत्रपती संभाजीनगर)

बोरीकाठ, आधी फायटरवाल्या मित्राच्या मुद्द्याबद्दल. पुस्तक अधिकृत आहे की नाही हे त्याच्या प्रकाशकावरून ठरते. ते कोणत्या दुकानात मांडले आहे यावरून ठरत नाही. बियाँडवर आज हिट पॉइंट प्रेस, कोबोल्ड प्रेस, एमसीडीएम, फ्री लीग अशा प्रकाशकांची पुस्तके विकत मिळतात, तरी ती त्या त्या प्रकाशकांचीच राहतात. विझर्ड्सने त्यांना आपल्या यंत्रणेत जागा दिली आहे, पण त्यांतला मजकूर स्वतःच्या खेळाचा भाग म्हणून स्वीकारलेला नाही. कॅरेक्टर तयार करताना बाहेरची सामग्री दाखवायची की लपवायची, याची वेगळी सोय ठेवलेली असते ती याच कारणाने.

खुद्द बियाँडसुद्धा सुरुवातीला बाहेरचेच होते, हे नव्या खेळाडूंना सहसा माहीत नसते. २०१७ मध्ये ते कर्स या कंपनीने सुरू केले, पुढे ते फॅन्डमकडे गेले आणि २०२२ मध्ये विझर्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रो हिने ते १४ कोटी ६३ लाख डॉलरला विकत घेतले. नियम लिहिणारा आणि दुकान चालवणारा एकच, ही स्थिती अलीकडची आहे, आणि बाहेरच्या प्रकाशकांची पुस्तके त्या दुकानात एकामागून एक येऊ लागली ती त्यानंतर.

बाहेरच्या प्रकाशकांचा हक्क मात्र या दुकानाहून पुष्कळ जुना आहे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीबरोबर विझर्ड्सने ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, आणले आणि सिस्टम रेफरन्स डॉक्युमेंट, म्हणजे एसआरडी, या नावाने नियमांचा गाभा सर्वांना वापरायला मोकळा केला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीला त्यांनी वेगळा आणि जास्त बंधने घालणारा परवाना लावला. त्यावर पायझो या प्रकाशकाने जुन्याच ओजीएलच्या आधारावर २००९ मध्ये पाथफाइंडर हा स्वतःचा खेळ उभा केला. पाचव्या आवृत्तीच्या नियमांची ५.१ ही एसआरडी २०१६ मध्ये आली. जानेवारी २०२३ मध्ये ओजीएल बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला, खेळाडू आणि प्रकाशक दोघांकडूनही मोठा विरोध झाला, आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला विझर्ड्सने माघार घेऊन ही संपूर्ण एसआरडी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय ४.० या, श्रेय दिले की कोणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली देऊन टाकली. हा परवाना दिल्यानंतर मागे घेता येत नाही. विझर्ड्सने स्वतःच जाहीर केलेल्या पाहणीत ८८ टक्के लोकांनी नव्या परवान्याखाली काहीही प्रकाशित करण्याची आपली इच्छा नाही, असे कळवले होते. आज छोटे प्रकाशक पाचव्या आवृत्तीसाठी जे लिहितात ते या हक्कावर उभे राहून लिहितात. बियाँडने त्यांचे पुस्तक ठेवले नाही म्हणून ते कमअस्सल ठरत नाही.

आता मैत्रिणीच्या शंकेबद्दल. शंका रास्त आहे, पण नुसत्या नावावर भरवसा ठेवून ती फिटणार नाही, कारण अधिकृत म्हणजे कायमचे, असे काही नसते. २०२२ मध्ये राक्षस आणि वंशांचे नवे सुधारित पुस्तक आल्यावर २०१६ आणि २०१८ ची दोन जुनी अधिकृत पुस्तके बियाँडच्या विक्रीतून काढली गेली. ज्यांनी ती आधी घेतली होती त्यांच्याकडे ती राहिली, नव्या माणसाला मात्र मिळेनाशी झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये तर २०१४ च्या पुस्तकांतले स्पेल आणि जादूई वस्तू शीटमध्ये थेट २०२४ च्या रूपात बदलतील, असे आधी जाहीर झाले आणि लोकांनी तीव्र हरकत घेतल्यावर काही दिवसांतच तो बेत मागे घेतला गेला. चालू कॅम्पेनच्या मध्यात आपल्या विझर्ड या जादूगार पात्राचे स्पेल आपोआप बदलले असते तर काय झाले असते, याचा विचार करून पाहा. तेव्हा डीएमने प्रत्येक पुस्तक, मग ते कोणाचेही असो, आपल्या गटापुरते स्वतः वाचून ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

वाचायचे म्हणजे नेमके काय पाहायचे, तेही सांगतो. समजा, मित्राने निवडलेल्या सबक्लासमध्ये तिसऱ्या लेव्हलला असे लिहिले आहे की फायटरच्या प्रत्येक लागलेल्या वाराला एक डी८ (आठ बाजूंचा फासा) जास्त डॅमेज (इजा) मिळेल, आणि तो किती वेळा वापरावा याला मर्यादा घातलेली नाही. वाचताना हे साधे वाटते. पण पाचव्या लेव्हलला फायटरला दोन वार मिळतात आणि अ‍ॅक्शन सर्ज (जादा कृती) वापरला तर त्या टर्नमध्ये (पाळीत) चार. डी८ ची सरासरी साडेचार, म्हणजे चारही वार लागले तर एकाच टर्नमध्ये १८ डॅमेज वरचे मिळाले. अकराव्या लेव्हलला तिसरा वार आला की हाच आकडा २७ वर जातो. आता याच्या शेजारी २०१४ च्या अधिकृत पुस्तकातला बॅटल मास्टर ठेवा. त्याला तिसऱ्या लेव्हलला चार डी८ मिळतात आणि ते संपले की शॉर्ट रेस्ट, म्हणजे पात्रांनी थोडी विश्रांती, घेतल्याशिवाय परत येत नाहीत. दोघे एकाच गटात शेजारी उभे राहिले तर बॅटल मास्टर खेळणाऱ्याचा विरस होणार हे उघड आहे. बाहेरच्या प्रत्येक सबक्लासला त्याच क्लासची एक परिचित अधिकृत सबक्लास शेजारी ठेवून असा हिशोब करावा: किती वेळा वापरता येते, कोणत्या रेस्टनंतर परत मिळते, बोनस अ‍ॅक्शन खर्च होते का, कॉन्सन्ट्रेशन (परिणाम टिकवण्यासाठी लक्ष) लागते का. आर्मर क्लासमध्ये (वार लागू न देण्याच्या आकड्यात) सरळ अधिक दोन असे काही दिसले तर आणखी सावध व्हावे, कारण या आवृत्तीत प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे लेव्हलबरोबर वाढणारी भर, मुळातच अधिक दोनपासून अधिक सहापर्यंत जातो. तिथे सरळ मिळालेले दोन म्हणजे मोठी गोष्ट आहे.

डिजिटल शीटवर ही दक्षता जास्तच लागते. कागदावर खेळताना खेळाडू प्रत्येक बेरीज तोंडाने बोलतो, त्यामुळे काही वावगे असेल तर कोणीतरी टोकते. शीट बेरीज स्वतः करते आणि एकच आकडा दाखवते. तो कुठून आला हे कोणी विचारत नाही.

उत्तर: घाटमाथा (बीड)

अंधारीवाट यांचे विवेचन मला पटले. मी यंत्रणेच्या आणि पैशाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण आपल्याकडे बहुतेक गटांची अडचण तिथेच होते.

पीडीएफवाल्या मित्राला सांगा की स्पेल, जादूई वस्तू, मॉन्स्टर, फीट (खास कौशल्य), बॅकग्राउंड (पूर्वायुष्य), वंश आणि सबक्लास हे सगळे बियाँडच्या होमब्रूमध्ये भरता येते. संपूर्ण नवा क्लास मात्र तिथे घडवता येत नाही. विकत घेतलेल्या पीडीएफमधला एखादा स्पेल स्वतःच्या कॅम्पेनपुरता खासगी होमब्रू म्हणून भरायला हरकत नाही. तोच सार्वजनिक करणे हे त्या प्रकाशकाच्या हक्काचे उल्लंघन आहे आणि बियाँडच्या नियमांतही ते बसत नाही. सार्वजनिक होमब्रूच्या ढिगाऱ्यात अशी उचललेली सामग्री सापडते. ती वापरू नये. छोट्या प्रकाशकाच्या दृष्टीने विकली गेलेली प्रत्येक प्रत मोलाची असते, आणि तो टिकला तरच त्याचे पुढचे पुस्तक येईल.

स्पेल भरायला थोडा वेळ लागतो, सबक्लास भरायला मात्र पुष्कळ. प्रत्येक लेव्हलचे प्रत्येक फीचर वेगळे भरावे लागते, त्याला मॉडिफायर लावावे लागतात, वापराची संख्या आणि ती कोणत्या रेस्टला परत येते ते नोंदवावे लागते. शिवाय ज्या नियमांना अट जोडलेली आहे, उदाहरणार्थ शत्रू आधीच जखमी असेल तरच जास्त डॅमेज, ते शीट स्वतः ओळखत नाही. तसा नियम नुसता मजकूर म्हणून दिसतो आणि आकडा खेळाडूने हाताने मिळवायचा असतो. म्हणून होमब्रूमध्ये भरलेल्या सबक्लासचे मूळ पान पहिली काही सत्रे तरी डीएमच्या समोर उघडे असावे.

दुसरी गोष्ट खर्चाची. पूर्वी बियाँडवर एका पुस्तकातली एखादीच सबक्लास किंवा एखादाच वंश सुटा विकत घेता येत असे. २०२४ मध्ये दुकानाची रचना बदलली तेव्हा ही सोय काढून घेतली गेली आणि त्यावर बरीच नाराजीही झाली. पूर्ण डिजिटल पुस्तकाला साधारण ३० डॉलर पडतात. एका माणसाच्या एका सबक्लाससाठी एवढे पैसे घालण्याआधी त्या पुस्तकातले आणखी काय गटाच्या उपयोगी पडेल ते पाहावे. माझा क्रम सांगतो. डीएमच्या खात्यावर आधी खेळाडूंचे मूळ अधिकृत पुस्तक घ्यावे, कारण ते प्रत्येकाच्या प्रत्येक शीटला लागते. त्यानंतर बाहेरच्या प्रकाशकांचे राक्षसांचे एखादे पुस्तक घ्यावे. राक्षस डीएमच्या हातात असतात, फार जड वाटला तर डीएम त्याचे हिट पॉइंट (जीव) त्या लढाईतच कमी करू शकतो, आणि कोणत्याही खेळाडूला आपल्यावर अन्याय झाला असे वाटत नाही. खेळाडूंच्या सबक्लासची बाहेरची पुस्तके सर्वांत शेवटी.

बियाँडवर घेतलेले पुस्तक रोल२०वर येत नाही आणि रोल२०वर घेतलेले बियाँडवर जात नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच, तरी गटातल्या ज्यांनी वर्गणी दिली आहे त्यांना ते आधी सांगावे. आपली मांडणी दोन ठिकाणी विभागलेली आहे, म्हणून बियाँड२० हे ब्राउझरचे मोफत एक्स्टेन्शन वापरा. बियाँडच्या शीटवर टाकलेले फासे ते रोल२०मध्ये नेऊन दाखवते. संगणकावर ते उत्तम चालते.

बाहेरच्या प्रकाशकाचे पुस्तक घेताना पीडीएफ मिळत असेल तर मी ते आधी घेतो. विझर्ड्स पाचव्या आवृत्तीच्या मुख्य पुस्तकांची पीडीएफ विकत नाही. तिथे आपण फक्त वापराचा परवाना घेतो आणि पुस्तक त्यांच्या सर्व्हरवर राहते. बाहेरचे बहुतेक प्रकाशक ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात किंवा स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफ देतात. ते उतरवून ठेवले की आपले. ऐन सत्राच्या वेळी भारनियमन झाले, वायफाय गेले आणि फोनच्या डेटावर खेळ रेटावा लागला, तर फोनमध्ये उतरवलेली फाइल लगेच उघडते.

कार्डाचेही सांगतो, कारण यावरून चालू कॅम्पेन अडलेले मी पाहिले आहे. २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या अ‍ॅपमधून सुरू करून घ्यावे लागतात. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मँडेट नियमांमुळे दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी आधी नोंदणी आणि मंजुरी लागते, आणि परदेशी वर्गणीच्या बाबतीत ती प्रत्येक वेळी सुरळीत होतेच असे नाही. वर्गणी खंडित झाली तर आपली पुस्तके आपल्याकडे राहतात, पण कॅम्पेनमधल्या इतरांना ती दिसायची थांबतात. त्यामुळे मासिक वर्गणीपेक्षा एकदाच वार्षिक भरावी.

रोल२०सारख्याच फाउंड्री या ऑनलाइन पटाचाही विचार कोणी सुचवील म्हणून लिहून ठेवतो. एकदाच ५० डॉलर, तेही फक्त डीएमने भरायचे, वर्गणी नाही, आणि बाहेरच्या सामग्रीला तिथे इतका मोकळा वाव आहे की दुसरीकडे क्वचितच असेल. २०२४ पासून विझर्ड्सची काही पुस्तकेही तिथे मिळू लागली. पण फाउंड्री डीएमच्या संगणकावर चालते. आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, त्यामुळे बाहेरगावच्या खेळाडूला घरच्या संगणकापर्यंत पोचता येत नाही आणि भाड्याचा सर्व्हर घ्यावा लागतो. त्यातून डीएमच्या घरची वीज गेली की पुण्याच्या आणि हैदराबादच्या खेळाडूंचाही खेळ थांबतो. इन्व्हर्टर किंवा भाड्याचा सर्व्हर असेल तर अवश्य घ्या.

उत्तर: गोदातीर (नांदेड)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून माझे वेगळे मत मांडते. मी नवख्या मुलामुलींचे गट चालवते आणि पहिल्या कॅम्पेनला फक्त मूळ अधिकृत पुस्तक ठेवते. बाहेरच्या लेखकांना कमी लेखणे हा त्यामागचा हेतू नाही. कॅरेक्टर तयार करायला बसलेल्या नव्या खेळाडूसमोर बारा क्लास येतात, प्रत्येकाखाली सबक्लास येतात, आणि त्यातच तीन-चार पुस्तकांची भर पडली की ते मूल गोंधळून शेजारच्याला विचारू लागते आणि शेवटी शेजारी सांगेल ते निवडते. कॅम्पेन तयार करतानाच कोणती सामग्री खुली ठेवायची ते डीएमने ठरवून घ्यावे आणि बाकीचे बंद करावे.

बोरीकाठ दादा, आपला गट जुना आहे, त्यामुळे आपल्याला हे बंधन लागू नाही. तरीही एकाला मुभा दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, ही आपल्या मैत्रिणीची काळजी मी हलकी मानणार नाही. ती न्यायाची बाब आहे आणि गट टिकतो तो त्यावरच. घाटमाथा यांनी राक्षसांचे पुस्तक आधी घ्या म्हटले ते मला म्हणूनच फार आवडले. फायटरची सबक्लास घेणारच असाल तर प्रत्येक खेळाडूला बाहेरची एक निवड करण्याचा सारखा अधिकार द्या, ती निवड सगळ्यांसमोर वाचून घ्या, आणि पाचव्या लेव्हलला पोचल्यावर गरज वाटली तर बदल करू, हे आरंभीच सांगून ठेवा. पाचव्या लेव्हलला जादा वार आणि तिसऱ्या पातळीचे स्पेल एकदम येतात. सबक्लास जड आहे की हलकी हे तिथे कळते.

बोरीकाठ (धाराशिव)

आपण सर्वांनी एवढ्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. अंधारीवाट यांच्या रीतीने मित्राची सबक्लास बॅटल मास्टरच्या शेजारी ठेवून वाचली. तिसऱ्या आणि सातव्या लेव्हलचे ठीक वाटते. दहाव्या लेव्हलच्या फीचरला वापराची मर्यादा नाही, तिथे प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा अशी मर्यादा घालण्यावर मित्र राजी झाला आहे. गोदातीर ताईंचा सारख्या अधिकाराचा नियमही सगळ्यांना मान्य झाला. पीडीएफमधले निवडक स्पेल मी खासगी होमब्रूमध्ये भरून घेतो.

पाणीमहालाबद्दल थोडे सांगतो. नळदुर्गला बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच महाल केला आहे. इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ मध्ये तो पूर्ण झाला. पावसाळ्यात नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत असते आणि माणूस आत कोरडा उभा असतो. साहस असे रचले आहे की खेळाडू आत असताना वरच्या बाजूला पाऊस वाढत जातो, दर शॉर्ट रेस्टला पाण्याची पातळी एक टप्पा चढते, आणि रेस्ट घ्यावी की जखमी अवस्थेतच पुढे जावे हा निर्णय दर वेळी अवघड होत जातो. राक्षस काही एसआरडीतले आहेत, काही माझे. हे मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे द्यायचे मनात आहे.

उत्तर: मांजरातीर (लातूर)

रेस्टला पाण्याशी जोडण्याची कल्पना फार चांगली आहे, कारण त्यामुळे शॉर्ट रेस्टवर चालणारे क्लास आणि लाँग रेस्टवर चालणारे क्लास यांच्यातला तोल आपोआप साहसाचाच विषय होतो. वॉरलॉक आणि फायटर खेळणाऱ्यांची यात खरी परीक्षा लागेल. आता परवान्याबद्दल लिहितो.

आपल्यासमोर दोन मुख्य वाटा आहेत. पहिली डीएम्स गिल्ड, म्हणजे विझर्ड्सच्या परवानगीने खेळाडूंचे लेखन विकणारे ऑनलाइन दुकान, जे २०१६ पासून चालू आहे. तिथे फरगॉटन रेल्म्ससारखी विझर्ड्सची जगे आणि त्यांची पात्रे वापरायची परवानगी मिळते, विक्रीचा निम्मा वाटा लेखकाला मिळतो, आणि त्या बदल्यात ते लेखन दुसरीकडे कुठेही प्रकाशित करता येत नाही. दुसरी वाट क्रिएटिव्ह कॉमन्सच्या एसआरडीची. ५.१ नंतर २०२४ च्या नियमांवर आधारलेली ५.२ ही एसआरडीही एप्रिल २०२५ मध्ये त्याच सीसी-बाय ४.० परवान्याखाली आली. ती वापरताना एसआरडीतच दिलेले श्रेयाचे वाक्य आपल्या पुस्तकात छापावे लागते. त्यापलीकडे कोणाची परवानगी लागत नाही, वाटा द्यावा लागत नाही, आणि विकायचे, फुकट द्यायचे की दोन्ही, हे आपले आपण ठरवायचे.

आपले साहस नळदुर्गात घडते, त्यात फरगॉटन रेल्म्सचे काही नाही. मग डीएम्स गिल्डचे बंधन का स्वीकारावे? माझ्या मते आपण निःसंशय दुसरीच वाट घ्यावी. इंग्रजी आवृत्ती ड्राइव्हथ्रूआरपीजीवर ठेवता येईल, मराठी आवृत्ती आपल्याला हवी तिथे. मराठीबद्दल आपल्या मनात शंका असेल तर ती काढून टाका: सीसी-बाय परवाना भाषांतराची मुभा देतोच, फक्त आपण बदल केला आहे हे नमूद करावे लागते. विझर्ड्सने स्वतः ५.१ एसआरडी फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिशमध्ये दिली आहे. मराठीत ती आणायला आपल्यापैकी कोणालाही अडथळा नाही. पाणीमहालातल्या राक्षसांची आकडेवारी आपण मराठीत दिलीत तर लातूर-नांदेडच्या शाळकरी गटांना तिचा केवढा आधार होईल, याची मला खात्री आहे.

दोन ठिकाणी काळजी घ्या. एसआरडीत सगळा खेळ नाही. ५.१ मध्ये प्रत्येक क्लासची एकच सबक्लास आहे, फीट एकच आहे, ग्रॅपलर, आणि बॅकग्राउंडही एकच, अ‍ॅकोलाइट. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट यांची आकडेवारी त्यात दिलेली नाही. ते विझर्ड्सने स्वतःकडे राखले आहेत. बियाँडवर एखादा राक्षस आपल्याला दिसतो तो विकत घेतलेल्या पुस्तकामुळेही असू शकतो, म्हणून प्रत्येक राक्षस एसआरडीच्या पीडीएफमध्ये शोधून खात्री करावी. दुसरे, ५.१ आणि ५.२ यांची सरमिसळ करू नये. एकच धरावी आणि मुखपृष्ठावर तसे लिहावे. खेळणारा २०१४ च्या नियमांनी खेळतो की २०२४ च्या, यावर बरेच आकडे बदलतात.

बियाँडवर मात्र संपूर्ण साहस होमब्रू म्हणून टाकता येत नाही. आपण स्वतः घडवलेले राक्षस आणि जादूई वस्तू तेवढ्या सार्वजनिक करता येतील, म्हणजे आपले साहस खेळणाऱ्या दुसऱ्या डीएमला त्या आपल्या संग्रहात घेता येतील; त्यासाठी त्यांची वर्गणी असावी लागते. नकाशा असेल तर त्याची चौकटी असलेली आणि चौकटी नसलेली, अशा दोन्ही प्रती द्या. रोल२०वर चौकटी वरून टाकतात आणि नकाशातल्या चौकटींशी त्या जुळवताना डीएमचा फार वेळ जातो. दर टप्प्याला पाणी कुठवर आले ते दाखवणारे वेगवेगळे नकाशे दिलेत तर सर्वांत उत्तम. मसुदा तयार झाला की मला कळवा. आमचा गट तो खेळून पाहील आणि पाण्याचा कोणता टप्पा फार लवकर येतो, कोणता फार उशिरा, ते सविस्तर लिहून पाठवील.